लॉटरी लागल्याचं पत्र : दोनशे वर्षं जुनं, परवा सातपाटीत आलेलं

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

यंदाच्या पावसाळी बंदीतली गोष्ट. बोटी वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली. सकाळी टपरीवर चहा घेत होतो तर आमच्या आळीतले एक आबा आले. आयुष्यभर तांडेल म्हणून समुद्रात गेलेले, आता सत्तरीत. शेजारी बसले, इकडेतिकडे बघितलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"बाबू, हे वाच जरा. पण कोणाला बोलू नको."

ई-मेल होता, इंग्रजीतला. वर राणीच्या मुकुटासारखं काहीतरी चित्र. मजकूर असा की जगभरातल्या लाखो ई-मेल पत्त्यांमधून संगणकाने तुमचा पत्ता निवडला आहे, तुम्हाला ब्रिटनच्या लॉटरीचे साडेसात लाख पौंड लागले आहेत. खाली बॅच नंबर, रेफरन्स नंबर, कुणा एजंटाचं नाव. मग बारीक अक्षरात प्रोसेसिंग फी १८,५०० रुपये, तीन दिवसांत भरायची. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात, की रक्कम हातात पडेपर्यंत ही बातमी गुप्त ठेवा, नाहीतर दुसरा कोणी दावा करेल.

मी विचारलं, "आबा, तिकीट काढलेलं का?"

"नाय."

"मग लागली कशी?"

"तेच तर तुला विचारायला आलो ना."

हुशार माणूस. पण हुशार माणसानेही १८,५०० रुपये कपाटातून काढून वेगळे ठेवले होते. मुलाच्या बोटीच्या पहिल्या फेरीच्या डिझेलसाठी राखलेले पैसे. बंदी संपायला पंधरा दिवस बाकी. माझी आणि त्यांची गाठ पडली नसती तर दुपारी ते बँकेत गेले असते, असं त्यांनीच सांगितलं.

आबा म्हणाले, यावर लिही. मी गप्प बसलो. कारण यावर मी एकदा लिहिलं आहे, २००९ साली, आणि वाईट लिहिलं आहे. ते पुढे सांगतोच. आधी या पत्राची कुळकथा सांगतो, कारण आबांच्या मोबाईलमध्ये आलेली गोष्ट संगणकाने जन्माला घातलेली नाही. ती आगबोटी आणि तारायंत्राच्याही आधीची आहे.

फ्रान्समध्ये विदोक नावाचा एक माणूस होऊन गेला. आधी गुन्हेगार, मग पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. त्याने १८३० च्या दशकात चोरांच्या धंद्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात या पत्रांची माहिती आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातले कैदी आत बसून श्रीमंतांना पत्रं लिहायचे. चोरांच्या भाषेत त्यांना 'जेरुसलेमची पत्रं' म्हणत. मजकूर साधारण असा : मी एका सरदाराचा नोकर, राज्यक्रांतीच्या धामधुमीत मालकाबरोबर पळालो, जवाहिराची पेटी तुमच्या गावाजवळ पुरून ठेवली, आता दुर्दैवाने तुरुंगात आहे. थोडे पैसे पाठवलेत तर पेटीची जागा सांगतो, वाटा तुम्हालाही मिळेल. विदोक सांगतो की शंभर पत्रं टाकली तर वीस तरी उत्तरं यायचीच.

शंभरात वीस! तेव्हा वर्तमानपत्र वाचणारेही मूठभर. ज्यांना लिहिता-वाचता येतं, ज्यांच्याकडे पैसा आहे, असेच लोक उत्तर देत होते. म्हणजे 'अडाणी लोक फसतात' हे आपण जे म्हणतो ते पहिल्या दिवसापासून खोटं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हेच पत्र 'स्पॅनिश कैदी' या नावाने इंग्लंड-अमेरिकेत फिरू लागलं. आता कैदी स्पेनच्या तुरुंगात, संपत्ती कुठल्यातरी पेटीत, सोबतीला एक असहाय मुलगी. नाव, गाव, देश बदलत गेले. चार खांब तेच राहिले. बक्षीस प्रचंड, आधी भरायची रक्कम त्यामानाने किरकोळ, घाई भयंकर, आणि कोणाला सांगायचं नाही.

आपल्याकडेही नशिबाचा हा बाजार जुना आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं वेड होतं. कूपन कापायचं, प्रवेश फी जोडायची, पाठवायचं. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा आयोजकाने बंद पाकिटात काय ठेवलंय यावर सगळं. मुंबई सरकारने १९४८ साली त्यावर कायदा केला, पुढे १९५५ साली केंद्राने कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांवरची बक्षिसंच बंद केली. चमारबागवाला नावाच्या आयोजकाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ साली न्यायालयाने सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात.

मग गंमत बघा, १९६९ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःचीच राज्य लॉटरी सुरू केली. आमच्याकडे तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेच हे वर्ष. सरकारी लॉटरीवर मला टीका करायची नाही. तिथे निदान हातात तिकीट असतं, त्यावर नंबर असतो आणि निकाल छापून येतो. पण 'कागदाचा तुकडा घर पालटू शकतो' ही कल्पना घराघरात रुजली ती तिथून. खोट्या बक्षिसाला नेहमी खऱ्या बक्षिसाचा आडोसा लागतो. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि पहिला कोटी जिंकला हर्षवर्धन नवाथे या मराठी मुलाने. तेव्हा त्या कार्यक्रमासाठी लोक फोनच लावायचे. त्यामुळे वीस वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच कार्यक्रमाच्या नावाने 'आपको पच्चीस लाख की लॉटरी लगी है' असा आवाज आला, तेव्हा लोकांना तो परका वाटला नाही.

माझी या विषयाशी पहिली ओळख पोस्टमनने करून दिली. मी पाचवी-सहावीत असेन. मासिकात जाहिरात यायची : नऊ चौकोनांत असे आकडे भरा की कुठूनही बेरीज पंधरा यावी, आणि जिंका ट्रान्झिस्टर. बेरीज कोणालाही जमायची. माझ्या काकांनी भरून पाठवली. महिन्याभरात अभिनंदनाचं पत्र आलं, की आपण विजेते, फक्त पॅकिंग आणि टपालखर्च द्यावा लागेल, माल व्ही.पी.ने येईल. ट्रान्झिस्टर तेव्हा बोटीवर चैन म्हणून नव्हता लागत. आकाशवाणीवरचं हवामान ऐकायला लागायचा. वादळाची सूचना कानावर पडली की तांडेल जाळी आवरून माघारी फिरायचा.

व्ही.पी. आली. काकांनी पोस्टात पैसे भरले, खोका घरी आणला, अख्खी आळी जमली. आत लाकडाचा ठोकळा आणि त्याला गुंडाळलेलं हिंदी वर्तमानपत्र. आजी म्हणाली, "लाकूड चांगलं आहे, चुलीत जाईल." सगळे हसले. काकाही हसले. पण त्यांनी तक्रार केली नाही, आणि घरात पुढे कधीच कोणी त्या खोक्याचा विषय काढला नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं की धंदा चालतो तो या न बोलण्यावर.

मग आला ई-मेल. पत्राला तिकीट लागायचं, कागद लागायचा. ई-मेलला काहीच नाही. शंभराऐवजी दहा लाख पत्रं एका दुपारी. नव्वदच्या दशकात नायजेरियातून आधी टपालाने, फॅक्सने आणि मग ई-मेलने अशी पत्रं एवढी निघाली की त्या देशाच्या दंडविधानातलं फसवणुकीचं कलम ४१९ हेच या धंद्याचं नाव पडलं. आपण 'चारशेवीस' म्हणतो, तसं ते 'फोर-वन-नाइन' म्हणतात. (एक सांगतो, यावरून त्या देशाच्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघायचं कारण नाही. आज हे उद्योग करणाऱ्या टोळ्या आपल्या देशातही बक्कळ आहेत, आणि फसवणारे अस्सल हिंदीत बोलतात.)

मोठ्यातला मोठा मासाही गळाला लागला आहे. ब्राझीलमधल्या बांको नोरोएस्ते या बँकेच्या एका बड्या अधिकाऱ्याला १९९५ ते १९९८ या काळात नायजेरियाच्या राजधानीत नवा विमानतळ बांधायचा आहे, असं सांगून टोळीने बँकेचे २४ कोटी २० लाख डॉलर उकळले. समोरचा माणूस नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याचं भासवत होता. ज्याला रोज आकड्यांशीच काम, तो तीन वर्षं पैसे पाठवत राहिला. दरवेळी एकच आशा, एवढं भरलं की अडकलेलं सगळं सुटेल.

आपल्याकडे २००४-०५ पासून सायबर कॅफे आले. पालघर, बोईसरला तासाला वीस-तीस रुपये घेत. नोकरीचे अर्ज, रेल्वेचं आरक्षण, दहावी-बारावीचे निकाल यासाठी प्रत्येकाने तिथे एक ई-मेल आयडी काढला, आणि त्या पेटीत पहिलं पत्र बऱ्याचदा हेच आलं. कधी ब्रिटनची लॉटरी, कधी मायक्रोसॉफ्टची, कधी कोका-कोलाची. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्ट जाहीर केलं आहे की आमची अशी कुठलीही लॉटरी नाही. पण ते निवेदन कोण वाचणार? पत्र मात्र थेट तुमच्या नावाने आलेलं.

रिझर्व्ह बँकेने तेव्हापासून वारंवार इशारे दिले. २६ मे २०१० च्या परिपत्रकात तर कार्यपद्धतीच मांडली आहे. पत्र, ई-मेल, फोन, एसएमएस यांतून लोकांना आमिष दाखवतात, रिझर्व्ह बँकेचंच बनावट प्रमाणपत्र जोडतात, आणि 'शुल्क' भरायला वेगवेगळ्या बँकांत सामान्य माणसांच्या नावे उघडलेली खाती देतात. त्यातली महत्त्वाची ओळ अशी, की लॉटरीत भाग घेण्यासाठी देशाबाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी मुळात बंदीच आहे. ही बंदी २००० सालच्या नियमांपासून आहे. म्हणजे परदेशी लॉटरीचं तिकीट तुम्ही इथून पैसे पाठवून कायदेशीरपणे काढूच शकत नाही. मग ती लागेल कशी?

आता २००९.

मी पत्रकारितेची पदविका घेऊन परतलो होतो, एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. रकान्याच्या लांबीवर मानधन. शेजारच्या गावातले एक निवृत्त शिक्षक अशाच ई-मेलमध्ये अडकले. पहिल्यांदा २२,००० भरले, 'कागदपत्रांची फी'. मग ४१,०००, 'दहशतवादविरोधी दाखला'. मग ७५,०००, 'कस्टम'. चौथ्या वेळी पैसे उरले नाहीत म्हणून थांबले. त्यांनी मला विश्वासाने सगळं सांगितलं. त्यांना वाटलं बातमी आली तर लोक सावध होतील.

मी बातमी दिली. मथळा मीच सुचवला होता, 'लॉटरीच्या नादात गुरुजींनाच धडा'. नाव छापलं नव्हतं, पण अमुक गावचे निवृत्त शिक्षक म्हटल्यावर गावात आणखी काय सांगायचं राहतं? मला त्या मथळ्याचा अभिमान वाटला होता. कात्रण कापून ठेवलं होतं. गुरुजींनी संध्याकाळी नाक्यावर बसणं बंद केलं. ज्या पोरांना त्यांनी शिकवलं तीच पोरं मागून 'पौंड सर' म्हणू लागली.

चार-पाच वर्षांनी एका लग्नात बोईसरच्या कारखान्यात काम करणारा एक ओळखीचा भेटला. बोलता बोलता म्हणाला, "दादा, मी पण त्यात गेलो. अडीच लाख. तुमची गुरुजींची बातमी वाचलेली, म्हणून कुणाला बोललो नाय. बायकोला पण नाय."

त्या रात्री मी जेवलो नाही.

पत्रात 'गुप्त ठेवा' असं ठग लिहितो. पण पैसे गेल्यावर ते गुपित पाळायला लावणारे आपण असतो. आपल्या हसण्याने, आपल्या मथळ्याने. ठगाचं अर्धं काम मी फुकट करून दिलं होतं. त्यात भर म्हणजे ठग धमकीही देतो, की पोलिसांत गेलात तर परदेशी व्यवहारात तुम्हीच अडकाल. नियम अर्धवट माहीत असलेल्या माणसाला ती खरीही वाटते. माझ्या ओळखीच्यालाही वाटली होती.

लोक एवढं उघड खोटं का मानतात, याचा एक चांगला अभ्यास नंतर वाचनात आला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली प्रश्न विचारला : हे ठग आपण नायजेरियाचे, हे एवढं उघड का सांगतात? सगळ्या जगाला ही थाप माहीत आहे, मग दुसरा देश का सांगत नाहीत? त्यांचं उत्तर मजेशीर आहे. पत्र पाठवायला खर्च नाही, खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याशी महिनाभर बोलत बसण्याचा. अर्ध्या वाटेवर शंका घेणारे लोक त्याला नकोच असतात. म्हणून पत्रच असं लिहायचं की शंकेखोर पहिल्या ओळीला हसून सोडून देईल आणि विश्वास ठेवणारे तेवढे उरतील.

आपल्याला हे जाळ्याच्या भाषेत पटकन कळेल. आस मोठी ठेवली की बारीक मासळी निसटते, हवी ती राहते. सातपाटीत लहान पापलेट जाळ्यात येऊ नयेत म्हणून आपण आसाच्या आकारावर एवढं भांडतो. या ठगांनी त्यांची आस बरोबर मोजून ठेवली आहे. मजकुरातल्या चुका, हास्यास्पद रकमा, राणीचा मुकुट ही त्या जाळ्याची आस. ते पत्र वाचून तुम्ही हसलात तर तुम्ही हुशार ठरत नाही. ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. ते त्या दिवशी अडचणीत असलेल्या, एकट्या असलेल्या, कर्जाचा हप्ता थकलेल्या माणसासाठी होतं. बंदीच्या दोन महिन्यांत आपल्या गावात असे किती असतात ते मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट पालघरकर म्हणून सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली आणि देशभरचे कॅमेरे आपल्या शहरात आले. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ त्यामुळे घराघरात पोहोचलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्याच कायद्यात, त्याच पानाच्या आसपास, ६६-ड आहे. संगणक किंवा फोन वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. २००९ च्या ऑक्टोबरपासून ते लागू आहे. नको असलेलं कलम आपल्या सगळ्यांना पाठ झालं, कामाचं मात्र कोणी विचारलं नाही. आम्हा पत्रकारांनीही कधी छापलं नाही.

तर आबांच्या मोबाईलकडे परत. आम्ही दोघांनी तो मेल नीट उघडून बघितला. तुम्हीही असं बघा.

पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'नॅशनल लॉटरी' लिहिलं होतं. नाव कोणीही काहीही लिहू शकतो. त्यावर बोट दाबलं की मागचा खरा पत्ता दिसतो. तो निघाला कुठल्याशा फुकट सेवेवरचा, आकडे-अक्षरं मिसळलेला. उत्तर द्यायचा पत्ता त्याहून तिसराच. 'प्रति'च्या रकान्यात आबांचं नाव नव्हतं, पत्ताही नव्हता. म्हणजे एकच पत्र हजारोंना गेलेलं. मजकुरात 'प्रिय विजेते'. ज्याने साडेसात लाख पौंड द्यायचे त्याला विजेत्याचं नाव माहीत नाही. सोबत एक फॉर्म जोडलेला. त्यात आधार, पॅन, खाते क्रमांक, सहीचा फोटो. तो उघडूच नये. पैसे न भरताही नुसती ही माहिती दिली तर पुढे तुमच्या नावाने काय काय होईल सांगता येत नाही. आणि 'मला नको' असं उत्तरही देऊ नका. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं.

अलीकडे पत्रांची भाषा सुधारली आहे, हेही लक्षात ठेवा. शुद्धलेखन चांगलं म्हणून पत्र खरं, असं आता राहिलेलं नाही. मराठीतही झकास पत्रं येऊ लागली आहेत. तेव्हा भाषा बघू नका, पैशाची दिशा बघा. खऱ्या बक्षिसात पैसा तुमच्याकडे येतो. आपल्याकडे लॉटरीच्या मोठ्या रोख बक्षिसावर तीस टक्के कर आहे, पण तो देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. गाडीसारखी वस्तू लागली तर तिच्यावरचा कर आधी भरावा लागू शकतो, हे खरं आहे, आणि नेमका त्याचाच फायदा घेऊन 'गाडी लागली, टॅक्स भरा' वाले फोन येतात. पण तसा कर कुणा अनोळखी माणसाच्या बचत खात्यात किंवा क्यूआर कोडवर भरत नसतात. ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांच्या नावे टपालाने येणारी स्क्रॅच कार्डं हीच भानगड. म्हणजे गोष्ट फिरून पुन्हा पोस्टमनच्या पिशवीत आली.

पैसे गेले असतील तर? लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला १९३० वर फोन. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी आहे. २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर वेगळा होता, आता हाच लक्षात ठेवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो. काढून घेतला जाण्याआधी तो ज्या खात्यात असेल तिथे थोपवता येतो, म्हणून घाई. शिवाय आपल्या बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. मेल रागाने डिलीट करू नका, तोच पुरावा. मुळात २००९ साली गुरुजींना असा एक नंबर असता तर तिसऱ्या हप्त्याचे ७५,००० कदाचित वाचले असते. तेव्हा नव्हता. आज आहे, पण फोन करायला माणसाने आधी घरात तोंड उघडायला हवं.

आणि एकदा फसलात की दुसरं पत्र येणार हे धरून चाला. 'रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमची बुडालेली रक्कम सापडली, सोडवायला एवढं शुल्क.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खाती ठेवत नाही आणि कोणाला बक्षीसही देत नाही.

तरुण पोरांना वेगळं सांगतो, खास करून बोईसर-तारापूरला कामाला जाणाऱ्यांना. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच उभा करू नका. आबांसारख्यांचे पैसे पहिल्यांदा जातात ते असल्या भाड्याच्या खात्यात. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. ठग कुठे बसलाय ते खातेदाराला माहीतही नसतं.

आबांनी पैसे परत कपाटात ठेवले. मेलचे फोटो काढून आम्ही तक्रार नोंदवली. मग मला म्हणाले, "आता लिही. माझं नाव नको, पण बंदर सातपाटी लिही."

लिहिण्याआधी मी शेजारच्या गावी गेलो. गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं. सोळा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मोठ्याने ओरडून बोलावं लागलं, अख्ख्या ओटीला ऐकू गेलं. माफी मागितली. ते बराच वेळ पानाच्या डब्याशी खेळत बसले. मग म्हणाले, "मथळा वाईट होता रे तुझा. पण बातमीत एक चूकही होती. तू 'लाखाच्या आसपास' असं लिहिलंस. या वेळी रक्कम नीट लिही. आणि मी लगेच कोणाला सांगितलं नाही, तेही लिही."

एक लाख अडतीस हजार. पहिला हप्ता भरल्यापासून सत्तेचाळीस दिवस ते कोणाशीही बोलले नव्हते.